दोन-चारची बांगडी आणि रक्तातलं पोटॅशियम



मागच्या महिन्यात मिठावर लिहिलं होतं. त्यावर इंदूरच्या एका वाचक ताईंचा मेल आला. त्यांच्या वडिलांना मूत्रपिंडाचा त्रास आहे आणि दर पंधरा दिवसांनी ‘इलेक्ट्रोलाइट्स’ची तपासणी असते. रिपोर्टमधला पोटॅशियमचा आकडा पाहून पुढच्या पंधरा दिवसांत घरात टोमॅटो येणार की दुधी, हे ठरतं. ताई विचारतात, ‘सोडियम आणि पोटॅशियम इतके सारखे असतात म्हणता, मग ते मशीन थेंबभर रक्तातून दोघांना वेगळं कसं ओळखतं? आणि त्या आकड्यावर आम्ही किती भरवसा ठेवायचा?’

दोन्ही प्रश्न फार चांगले आहेत. दुसरा तर मलाही आमच्या घरात एका रात्री पडला होता. त्याकडे येतोच, पण आधी पहिला.

सोडियम आणि पोटॅशियम ही सख्खी भावंडं. आवर्तसारणीत एकाखाली एक बसलेली. दोघांचाही स्वभाव एक इलेक्ट्रॉन टाकून मोकळं होण्याचा. पाण्यात विरघळले की दोघंही बिनरंगाचे. तांब्याच्या क्षारासारखा निळा किंवा लोखंडासारखा तपकिरी रंग दाखवतील तर शपथ. आम्ही कॉलेजात त्यांना ज्योतीत धरून ओळखायचो. सोडियम भडक पिवळा, पोटॅशियम फिकट जांभळा, आणि तो जांभळा दिसायला पुन्हा निळ्या काचेतून बघायचं, कारण सोडियमचा पिवळा सगळं झाकून टाकतो. पूर्वी पॅथॉलॉजी लॅबमध्येही ज्योतीचंच यंत्र असे.

रक्तात तर प्रकरण आणखी अवघड. तिथे एका लिटरमागे सोडियम साधारण १४० मिलिइक्विव्हॅलंट आणि पोटॅशियम जेमतेम ४. म्हणजे एका पोटॅशियममागे पस्तीस सोडियम. या गर्दीतून नेमका पोटॅशियम वेचायचा. आजचं यंत्र ते करतं एका कड्याच्या जोरावर.

बायकांना हे मला समजावून सांगावं लागणार नाही. कासाराकडे बांगड्या भरायला बसलं की तो हात जरा दाबून बघतो आणि म्हणतो, ‘ताई, तुम्हाला दोन-चार.’ दोन-चार म्हणजे सव्वादोन इंच, दोन-आठ म्हणजे अडीच. दोन-चारची बांगडी दोन-आठच्या हातात जायची नाही, आणि दोन-आठची बांगडी दोन-चारच्या हातातून घरंगळायची. रसायनशास्त्रातली कडीही अशीच मापाची असतात. कार्बन, ऑक्सिजन, नायट्रोजन यांच्या अणूंची गोल साखळी करायची आणि मधल्या पोकळीत धातूचा आयन बसवायचा. ऑक्सिजनची तोंडं आत वळलेली असतात, ती धनभारित आयनाला चहूबाजूंनी धरतात. माप जुळलं तर पकड घट्ट.

पॅथॉलॉजीच्या यंत्रातलं पोटॅशियमचं कडं कुणा कासारानं नाही, मातीतल्या जिवाणूनं घडवलेलं आहे. त्याचं नाव वॅलिनोमायसिन. स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जिवाणूंपासून ते १९५५ साली वेगळं केलं गेलं. छत्तीस अणूंचं हे कडं घडी घालून असं बसतं की मध्ये सहा ऑक्सिजनांची एक खोली तयार होते आणि त्या खोलीचं माप पोटॅशियमचं. सोडियम आकारानं लहान. तुम्ही म्हणाल, लहान आहे तर सहज आत जाईल की! जाईल, पण पाण्यात प्रत्येक आयनाभोवती पाण्याच्या रेणूंचं पांघरूण असतं. आत यायचं तर ते टाकून यावं लागतं. पोटॅशियमला पांघरुणाच्या बदल्यात सहा ऑक्सिजनांची घट्ट मिठी मिळते, सौदा बरोबरीचा होतो. सोडियमचं पांघरूण जास्त घट्ट, आणि आत मिळणारी मिठी सैल, कारण हे कडं त्याच्या मापाला आक्रसत नाही. तोट्यातला सौदा कोण करणार? तो बाहेरच राहतो. वॅलिनोमायसिनची पोटॅशियमला पसंती सोडियमच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट आहे. पस्तीस जणांच्या गर्दीचं मग काही वाटत नाही.

जिवाणू हे कडं आपल्या लॅबसाठी करत नाही, हेही सांगायला हवं. ते विष आहे. दुसऱ्या पेशींच्या आवरणात शिरून त्यांच्या पोटॅशियमची ने-आण करणं हे त्याचं काम. १९६४ मध्ये पेशींमधल्या मायटोकॉन्ड्रियावर त्याचा परिणाम तपासताना पोटॅशियमशी असलेलं हे नातं उघड झालं.

माणसानं स्वतः घडवलेल्या कड्याची गोष्ट मात्र त्याहून गमतीची. चार्ल्स पेडरसन हा गृहस्थ १९०४ साली कोरियात बुसानमध्ये जन्मला, वडील नॉर्वेचे, आई जपानी. शिकला अमेरिकेत, पीएचडी केली नाही, आणि ड्यूपॉन्ट कंपनीत १९२७ ते १९६९ अशी बेचाळीस वर्षं नोकरी केली. साठीच्या उंबरठ्यावर असताना तो व्हॅनेडियम धातूला धरणारा एक रेणू बनवत होता. कच्च्या मालात थोडी अशुद्धी राहिली होती. भांड्यात तपकिरी चिकट राडा झाला आणि त्यातून ०.४ टक्का, म्हणजे चिमूटभर, पांढरे रेशमी स्फटिक निघाले.

मी स्वतः कारखान्यात एकतीस वर्षं काढली आहेत, म्हणून सांगतो, अशा चिमटीचं काय होतं ते मला ठाऊक आहे. ती गटारात जाते. पेडरसननं ती ठेवली. हे स्फटिक मिथेनॉलमध्ये नीट विरघळत नव्हते, पण कॉस्टिक सोडा घातला की विरघळत. बरं, कॉस्टिकच हवं असंही नाही, सोडियमचा कोणताही क्षार चाले. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की सोडियम या रेणूच्या मधल्या भोकात जाऊन बसतोय. तोवर शिक्षण असं होतं की सोडियम-पोटॅशियम हे धातू कुणाला धरून राहत नाहीत, मोकाट असतात. १९६७ साली त्यानं हे प्रसिद्ध केलं. रेणूचा आकार मुकुटासारखा दिसतो म्हणून नाव ठेवलं क्राउन ईथर. अठरा अणूंचं आणि सहा ऑक्सिजनांचं कडं पोटॅशियमच्या मापाचं, पंधरा-पाचचं सोडियमच्या, बारा-चारचं लिथियमच्या. कासाराचा माळा तयार! १९८७ मध्ये डोनाल्ड क्रॅम आणि जाँ-मारी लेन यांच्यासह त्याला नोबेल मिळालं, तेव्हा तो त्र्याऐंशी वर्षांचा होता.

आता यंत्राकडे. प्लॅस्टिकचा एक पातळ पापुद्रा, त्यात वॅलिनोमायसिन मुरवलेलं. एका बाजूला माहीत असलेल्या तीव्रतेचं द्रावण, दुसऱ्या बाजूला तुमच्या रक्ताचा सीरम. पोटॅशियम कड्यात बसून पापुद्र्यात शिरतो, पण त्याच्या जोडीचा ऋणभारित क्लोराइड शिरू शकत नाही. त्यामुळे दोन बाजूंत विजेचा किंचित दाब तयार होतो, आणि यंत्र मोजतं तो हा दाब. पोटॅशियम दहापट झालं तर शरीराच्या तापमानाला दाब सुमारे ६१ मिलिव्होल्टनं बदलतो. आता हिशेब करा. पोटॅशियम ४ वरून ६ वर गेलं, म्हणजे माणूस घरून थेट इस्पितळात जाण्याइतका फरक पडला, तर यंत्राला जाणवतात फक्त ११ मिलिव्होल्ट. म्हणून लॅबला ते यंत्र पुन्हापुन्हा ठाऊक द्रावणांवर ताडून घ्यावं लागतं. (सोडियमसाठी शेजारी वेगळा इलेक्ट्रोड असतो, खास काचेचा किंवा दुसऱ्या मापाच्या कड्याचा.)

यात एक बारकी गोष्ट आहे आणि मला ती सगळ्यात आवडते. या कड्यानं पोटॅशियम धरायचं तसं लगेच सोडायचंही असतं. धरून बसलं तर पहिल्या पेशंटनंतर यंत्र निकामी. पकड किती घट्ट, यापेक्षा ती कामाला बेतानं आहे का, हे महत्त्वाचं.

आता भरवशाचा प्रश्न. दोन वर्षांपूर्वी दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्या थोरल्या बंधूंची, अण्णांची, नेहमीची तपासणी होती. वय अठ्ठ्याहत्तर, रक्तदाबाची गोळी चालू, क्रिएटिनिन जरासं वर. रात्री साडेनऊला फोनवर रिपोर्ट आला. पोटॅशियम ६.८. नेहमीची मर्यादा साधारण ३.५ ते ५. वहिनींचा फोन आला, आवाज कापत होता. ‘भाऊजी, हे तर चांगले बसून बातम्या बघतायत. खोटं असेल ना?’

खोटं असेल असं मला वाटत होतं, पण वाटण्यावर हे सोडायचं नसतं. पोटॅशियम खरोखर इतकं चढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात आणि त्याआधी माणसाला काही जाणवेलच असं नाही. डॉक्टरांनी फोनवर एकच सांगितलं, आत्ता ईसीजी काढा आणि रक्त पुन्हा द्या. पुतण्यानं गाडी काढली. ईसीजी ठीक होता. दुसऱ्या नमुन्यात पोटॅशियम निघालं ४.६. परत येताना पुतण्यानं पहिला रिपोर्ट मोठा करून पाहिला, तर तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘सॅम्पल हिमोलाइज्ड’. म्हणजे नमुन्यातल्या लाल पेशी फुटलेल्या होत्या. लाल पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा वीस पटींहून जास्त असतं. सुई बारीक असली, रक्त जोरात ओढलं, नळी आपटली किंवा नमुना तासन्‌तास तसाच पडून राहिला की हा साठा बाहेर येतो. कड्यानं मोजणी अगदी चोख केली होती. नळीत जेवढं पोटॅशियम होतं, तेवढं सांगितलं. ते अण्णांच्या अंगात नव्हतं, एवढंच. ती ओळ ठळक छापून एक फोन करायला त्या लॅबचं काय जात होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

तेव्हा ताई, भरवसा यंत्रावर ठेवा, पण नमुन्याची चौकशी करा. रक्त देताना दंडाला पट्टा बांधून मूठ सारखी उघडझाप करायला सांगितली तर नम्रपणे नाही म्हणा, त्यानंही आकडा चढतो. घरी येऊन रक्त नेणारा मुलगा पुढे दहा घरं फिरणार असेल तर वडिलांचा नमुना शेवटी घ्यायला सांगा. आकडा एकदम उडी मारून चढला असेल तर ‘हिमोलाइज्ड’ हा शब्द रिपोर्टवर शोधा. मात्र तो सापडला म्हणून स्वस्थ बसू नका. डॉक्टरांना त्याच वेळी कळवा, पुढचं ते ठरवतील.

आणखी एक, मागच्या लेखात जागेअभावी राहिलं होतं ते. बाजारात ‘कमी सोडियमचं’ मीठ मिळतं. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. निरोगी माणसाला ते चालतं. पण ज्यांचं मूत्रपिंड अधू आहे, किंवा ज्यांच्या गोळीचं नाव टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन अशा घराण्यातलं आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते पाकीट घरात आणू नये. शहाळ्याचंही तेच. आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळं नेण्याची आपली पद्धत चांगली आहे, पण त्या पेलाभर पाण्यात ५०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असू शकतं. मूत्रपिंडाच्या पेशंटकडे जाताना दुसरं काही न्या.

इतका वेळ कडं धातूला धरतं एवढंच बोललो. पण धातूला धरून ठेवलं की त्याच्या जोडीदाराचं काय होतं? तो एकटा पडतो आणि भलताच तिखट होतो. पोटॅशियम परमँगनेट बेंझीनमध्ये विरघळत नाही. क्राउन ईथर घातलं की पोटॅशियम कड्यात शिरतं, परमँगनेट मागोमाग ओढलं जातं आणि पांढरं स्वच्छ बेंझीन जांभळं होतं. पाण्याचं पांघरूण नसलेलं हे उघडं परमँगनेट मग नेहमीपेक्षा जोमानं काम करतं. याला उत्प्रेरणाचा एक प्रकार म्हणतात. आमच्या नंदेसरीच्या कारखान्यात आम्ही याच कामाला अमोनियमचे साधे क्षार वापरायचो. क्राउन ईथर महाग, शिवाय विषारी, आणि मालातून शेवटपर्यंत काढणं जिकिरीचं. टनावारी मालाला परवडत नाही.

जिथे मिलिग्रॅमचाही प्रश्न नसतो तिथे मात्र परवडतं. कर्करोगाच्या पेशंटचा पेट स्कॅन करतात तेव्हा जी साखर टोचतात, तिच्यात किरणोत्सारी फ्लोरिन-१८ असतं. सायक्लोट्रॉनमधून ते पाण्यात फ्लोराइड होऊन येतं, आणि पाण्यातलं फ्लोराइड म्हणजे रजईत गुरफटलेलं पोर, कामाला उठायचं नाही. तिथे पोटॅशियम कार्बोनेट आणि क्रिप्टोफिक्स नावाचं एक दुहेरी कडं घालतात, कडं कसलं, टोपलीच. लेन यांच्या प्रयोगशाळेतून आलेली ही कल्पना. टोपली पोटॅशियमला गिळते, पाणी उडवून लावतात, आणि मोकळं झालेलं फ्लोराइड साखरेच्या रेणूवर जाऊन बसतं. १९८६ साली जर्मनीत युलिश इथे ही रीत बसवली गेली. फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, म्हणून हे सगळं घाईत उरकायचं. नंतर ती टोपली औषधातून काढून टाकावी लागते, आणि किती उरली ते तपासल्याशिवाय औषध पेशंटला द्यायचं नसतं.

तिसरा प्रकार तुमच्या कढईत आहे. पालकाचा हिरवा रंग म्हणजे क्लोरोफिल, म्हणजे चार नायट्रोजनांच्या कड्यात बसवलेला मॅग्नेशियम. झाकण ठेवून पालक शिजवला की त्याचंच आम्ल आत कोंडतं, मॅग्नेशियमला कड्यातून हुसकावतं आणि भाजी कळकट होते. चिंच घातली तर आणखी लवकर. अशाच कड्याच्या नात्यातलं फ्थॅलोसायनिन. त्यात तांबं घातलं की छपाईच्या शाईचा निळा होतो, जो आपल्या गुजरातेत ढिगानं बनतो. तांब्याऐवजी गॅलियम घातलं की ते प्रकाश पडताच वीज वाहू देतं, आणि म्हणून ते लेझर प्रिंटरच्या ड्रमवर लावतात.

हाच गॅलियम इस्पितळातही भेटतो. न्यूरोएंडोक्राइन नावाच्या गाठी नेहमीच्या पेट स्कॅनमध्ये बऱ्याचदा नीट दिसत नाहीत. त्यांच्या पेशींवर एका हार्मोनसाठी विशिष्ट खुंट्या असतात. त्या खुंटीवर अडकेल असा छोटा प्रथिनाचा तुकडा घेतात, त्याला डोटा नावाचं कडं जोडतात आणि कड्यात किरणोत्सारी गॅलियम-६८ बसवतात. इथे पॅथॉलॉजीच्या यंत्राच्या बरोबर उलट गरज असते. गॅलियम सुटता कामा नये. सुटला तर रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन त्याला उचलतं आणि भलतीकडेच नेतं, चित्र खोटं येतं. म्हणून डोटाचं कडं बारा अणूंचं लहान, वर चार हात, आणि त्या हातांनी ते धातूला झाकण लावल्यासारखं पकडतं. अमेरिकेत हे औषध २०१६ साली मंजूर झालं. गाठी दिसल्या की त्याच कड्यात गॅलियमऐवजी ल्युटेशियम-१७७ बसवून त्यांच्यावर उपचारही करतात, आणि ते ल्युटेशियम मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतं.

गॅलियम-६८ मिळवायची रीतही ऐकण्यासारखी. जर्मेनियम-६८ एका नळीत भरून ठेवलेला असतो. तो २७१ दिवसांत निम्मा होतो आणि होता होता गॅलियम देत राहतो. तंत्रज्ञ दिवसातून दोन-तीनदा आम्ल सोडून तो काढून घेतात. त्यांच्या भाषेत या नळीला ‘गाय’ म्हणतात आणि काढण्याला ‘धार काढणं’. काढलेला गॅलियम ६८ मिनिटांत निम्मा, सव्वादोन तासांत पाव. कुणाच्या घरी असा स्कॅन ठरला असेल तर दिलेल्या वेळेच्या आधी पोचा, वाटेत चहाला थांबू नका. तुमच्या नावानं काढलेली धार तुमच्यासाठी थांबत नाही, आणि पुढची साठायला गाईला काही तास लागतात.